विद्यापीठाशी संशोधन-करार करताना

'आमच्या क्षेत्रात काहीतरी नवं करू या' असं म्हणत कंपनीतर्फे विद्यापीठाकडे गेलात, तर दोन बैठकांपलीकडे गाडी सरकत नाही. आधी प्रश्न एका पानावर उतरवा, आकड्यांसह. 'बॅटरी जास्त टिकायला हवी' यावर कोणालाच काम करता येत नाही. '४५ अंश सेल्सिअसला ५०० चार्ज-चक्रांत क्षमता ८० टक्क्यांवर येते, आम्हाला १,००० चक्रं हवीत' यावर येतं.

मग शोधनिबंध वाचून माणूस शोधा. संस्थेचं नाव बघून जाऊ नका. करारावर सही मात्र संस्थेचीच हवी; प्राध्यापकांनी तोंडी दिलेला शब्द संस्थेवर सहसा बंधनकारक नसतो. तंत्रज्ञान वापराला किती तयार आहे याची मोजपट्टी म्हणजे टीआरएल (टेक्नॉलॉजी रेडिनेस लेव्हल), १ ते ९: १ म्हणजे नुसतं मूलतत्त्व, ९ म्हणजे प्रत्यक्ष वापरात सिद्ध. विद्यापीठाचं काम बहुधा ३-४ पर्यंत येऊन थांबतं, कंपनीला ७ च्या पुढचं हवं असतं. मधल्या टप्प्याचा खर्च कोण उचलणार हे पहिल्याच बैठकीत विचारा. जर्मनीच्या फ्राउनहोफरसारख्या उपयोजित संशोधन संस्था याच टप्प्यात मुरलेल्या आहेत.

सुरुवात तीन ते सहा महिन्यांच्या छोट्या कामाने करा. तिमाहीची घाई असलेलं काम पीएचडीच्या विद्यार्थ्यावर टाकू नका. त्याला तीन-पाच वर्षं लागणार आणि प्रबंधही लिहायचा असतो.

खरी ओढाताण बौद्धिक संपदेवर होते. दोन्ही बाजूंनी आधीपासून जवळ असलेलं ज्ञान, पेटंटं, सॉफ्टवेअर यांची यादी कराराला जोडा, नाहीतर पुढे कोणतं कोणाचं हे ठरवता येत नाही. नव्या शोधाची मालकी मिळवण्यावर महिनोन्‌महिने घासाघीस करण्यापेक्षा आपल्या वापरक्षेत्रापुरता एकाधिकार परवाना (त्या क्षेत्रात तो शोध फक्त आपणच वापरायचा) घेणं बहुतेक वेळा पुरतं. सरकारी पैसा गुंतला असेल तर त्याच्या अटीही तपासा: अमेरिकेत १९८० च्या बे-डोल कायद्याने विद्यापीठाला मालकी ठेवता येते, पण सरकारचेही काही हक्क राहतात. करार कोऱ्या कागदावरून लिहायची गरज नाही. ब्रिटनच्या लॅम्बर्ट टूलकिटमध्ये तयार नमुने आहेत.

प्रकाशन रोखू पाहाल तर चांगले संशोधक हातचे जातील. त्याऐवजी शोधनिबंधाचा मसुदा ३० दिवस आधी मिळावा आणि पेटंट-अर्जासाठी ६० ते ९० दिवस थांबता यावं, एवढं कलम घाला. त्यात परिषदेतलं पोस्टर, सारांश आणि प्रबंधाची खुली मौखिक परीक्षा स्पष्ट लिहा. युरोपात अर्जाआधीच्या अशा एका पोस्टरनेही पेटंटचा हक्क जाऊ शकतो. स्वतःचा शोध जाहीर केल्यावरही वर्षभरात अर्ज करायची अमेरिकेतली सवलत तिथे नाही.

काम सुरू झाल्यावर कंपनीतर्फे एक अभियंता नेमा आणि आठवड्याचे काही तास त्याच्या नावावर खरोखर मोकळे ठेवा. त्याची बदली झाली की नमुने पाठवायचेही राहून जातात. शेवटी हाती काय यायचं तेही आधीच ठरवा: नुसता अहवाल नको, कच्चा डेटा, चालणारा कोड आणि प्रयोगवहीची प्रतही मागा.