तीन पत्ती येते? मग पोकरसाठी आधी काय सोडायचं

आमच्या भागात पत्ते कोणाला शिकवावे लागत नाहीत. पोळा जवळ आला की यवतमाळ जिल्ह्यात दारव्हा-दिग्रसकडच्या गावांत पारावर, गोठ्यामागं, कुठंही तीन पत्तीचा डाव बसलेला दिसतो. मी जिनिंगच्या काट्यावर वजनाच्या पावत्या लिहितो. कापसाची आवक थांबली की संध्याकाळी आम्ही काही जण ओट्यावर चटई टाकून पोकर खेळतो, टेक्सास होल्डम. गावातले पोट्टे येऊन बसतात अन् विचारतात, “भाऊ, आमाले जमन का?” जमतं. पण तीन पत्तीत मुरलेल्या माणसाला आधी बऱ्याच सवयी सोडाव्या लागतात. हे त्यांच्यासाठीच लिहितो आहे.

खेळ असा. प्रत्येकाला दोन पत्ते बंद. मधे पाच पत्ते उघडे पडतात: आधी तीन एकदम, त्याला फ्लॉप म्हणतात, मग एक टर्न, मग एक रिव्हर. या सातांतून ज्याचे पाच पत्ते सर्वांत भारी, त्याचा पॉट, म्हणजे मधे लावलेलं सगळं. आम्ही पैशाऐवजी चिंचोके लावतो. बोली चार वेळा फिरते.

हातांची उतरंड नव्यानं पाठ करा. तीन पत्तीत सिक्वेन्स (लागोपाठचे पत्ते) कलरला (सगळे एकाच रंगाचे) मारतो, पोकरमध्ये कलर सिक्वेन्सला मारतो. यामागं साधी मोजणी आहे. बावन पत्त्यांतून तीन पत्ते २२,१०० तऱ्हांनी निघतात. त्यांत साधा सिक्वेन्स ७२० तऱ्हांनी जमतो, कलर १,०९६ तऱ्हांनी. पाच पत्ते घेतले की एकूण तऱ्हा होतात २५,९८,९६०, आणि त्यांत साधे सिक्वेन्स १०,२००, तर कलर फक्त ५,१०८. जो हात दुर्मीळ, तो वर. ट्रेलचंही तसंच. तीन पत्तीत ट्रेल, म्हणजे तीन सारखे पत्ते, ५२ तऱ्हांनीच लागते म्हणून ती साध्या सिक्वेन्स आणि कलर दोघांच्या वर. पाच पत्त्यांत तीन सारखे पत्ते ५४,९१२ तऱ्हांनी येतात, म्हणून ते सिक्वेन्स आणि कलर दोघांच्या खाली. आमच्याकडं नवा माणूस तीन गुलाम जमले की डोळे मिटून सगळं पुढं सरकवतो. मधे चार बदाम उघडे पडलेत, हे त्याला दिसतच नाही.

दुसरी सवय आंधळं खेळायची. तीन पत्तीत न पाहता खेळणाऱ्याला निम्मी चाल लागते, म्हणून तिथं त्याला अर्थ आहे. पोकरमध्ये अशी सूट नाही. पत्ते पाहा, आणि बहुतेक वेळा पॅक करा, म्हणजे डाव सोडा. हे मी मनापासून सांगतो, कारण इथंच सर्वांत जास्त चिंचोके वाचतात. सहा जण बसलेले असताना पहिल्यांदा बोलायची पाळी असेल, तर नव्वी-नव्वी किंवा त्याहून मोठी जोड, एक्का-राजा, एक्का-राणी, एकाच रंगाचे राजा-राणी, एवढ्यावरच उतरा. हाती कोणतीही जोड येण्याची शक्यता सतरा वाटपांत एकदा. एक्क्यांची जोड २२१ वाटपांत एकदा. म्हणजे बराच वेळ नुसतं पाहत बसावं लागतं, आणि त्या पाहण्यातच शिकणं आहे. आमच्यातले एक काकाजी, निवृत्त तलाठी, तासन् तास पॅक करतात. त्यांनी पत्ते उचलून चष्मा वर सारला की बाकीच्यांचे हात थांबतात.

शेवटी बोलायची पाळी असेल तर मात्र हात मोकळा करा. ज्याच्यासमोर बटण (वाटणाऱ्याची जागा दाखवणारी खूण), तो फ्लॉपनंतरच्या प्रत्येक फेरीत सगळ्यांनंतर बोलतो. कोणी चेक केलं (काही न लावता पाळी पुढं दिली), कोणी किती लावले, हे त्याला आयतं कळतं. तिथून लहान जोडी, एकाच रंगाचे लागोपाठचे दश्शी-नव्वीसारखे पत्तेही खेळता येतात. सत्ती-सत्ती घेऊन फ्लॉपवर तिसरी सत्ती किंवा त्याहून भारी काही लागण्याची शक्यता सुमारे १२ टक्के, म्हणजे आठ-साडेआठ वेळांत एकदा. स्वस्तात फ्लॉप पाहायला मिळत असेल तर पाहा. नाही लागली, समोरून मोठी बोली आली, सोडून द्या.

आता मुख्य गोष्ट. चाल द्यायची की नाही, हे तीन पत्तीवाला हिमतीनं ठरवतो. पोकरमध्ये ते भावानं ठरतं, आणि काट्यावर बसणाऱ्याला भाव लवकर कळतो. समजा पॉटमध्ये ६० चिंचोके आहेत. समोरच्यानं ३० लावले. आता मधे ९० झाले, आणि तुम्हाला राहायचं तर ३० द्यायचे. दिल्यावर एकूण होतात १२०. म्हणजे १२० च्या पॉटसाठी तुम्ही ३० मोजताय, एक चतुर्थांश. शंभरांत पंचवीस वेळांहून अधिक जिंकत असाल तर राहणं फायद्याचं, कमी असेल तर पॅक.

जिंकण्याचा अंदाज कसा काढायचा? तुमच्या हाती दोन बदाम, फ्लॉपवर दोन बदाम. तेरांतले चार दिसले, नऊ उरले. न दिसलेले पत्ते ४७. पुढच्या एका पत्त्यात बदाम येण्याची शक्यता नऊ भागिले ४७, म्हणजे १९ टक्क्यांच्या आसपास. दोन्ही पत्ते मिळून ३५ टक्के. तोंडी हिशेब सोपा आहे: कामाचे पत्ते मोजा, एक पत्ता यायचा असेल तर दोननं गुणा, दोन यायचे असतील तर चारनं. नऊ दुणे अठरा, नऊ चोक छत्तीस. खऱ्या आकड्याच्या अगदी जवळ. दोन्ही टोकांनी उघडा सिक्वेन्स असेल तर कामाचे पत्ते आठ, मधलाच पत्ता हवा असेल तर चार.

इथं घसरणारे फार असतात, म्हणून जरा थांबतो. चारनं गुणायचं ते सगळे चिंचोके आधीच मधे गेलेले असतील तेव्हाच. नाही तर टर्नवर समोरचा पुन्हा लावणार, आणि रिव्हर पाहायला तुम्हाला पुन्हा मोजावं लागणार. वरच्या उदाहरणात एका पत्त्यासाठी १९ टक्के हाती आहेत आणि हवेत २५. नुसत्या भावानं पाहिलं तर पॅक. बदाम लागल्यावर समोरचा आणखी सदतीस-चाळीस चिंचोके देईल अशी खात्री असेल तरच राहा. तो खात्रीचा भागही प्रामाणिकपणे तपासा: मधे तीन बदाम दिसले की काकाजींसारखा माणूस एक चिंचोका देत नाही. शिवाय नऊचे नऊ बदाम चांगले असतीलच असं नाही. एखाद्या बदामानं मधे जोड पडली तर समोरच्याचं फुल हाउस (तीन सारखे अन् एक जोड) होऊ शकतं, आणि ते कलरच्या वर आहे.

हे बोटावर यायला एक सराव सांगतो. दुपारी एकटेच बसा. दोन पत्ते स्वतःचे आणि तीन मधले, सगळे उघडे मांडा. कामाचे पत्ते मोठ्यानं मोजा, टक्के सांगा, मग पुढचे दोन पत्ते उघडा. आठवडाभर असे रोज वीस हात मांडलेत तर डावात बोटं मोजावी लागणार नाहीत.

माणसं ओळखण्याबद्दल गावात मोठा गैरसमज आहे. आपण एकमेकांना लहानपणापासून ओळखतो, म्हणून चेहरा पाहून पत्ते कळतील असं वाटतं. चेहऱ्यापेक्षा बोलीकडं पाहा. फ्लॉपवर चेक, टर्नवर चेक, आणि रिव्हरला इस्पिकचा पत्ता पडताच पॉटएवढे चिंचोके? त्याची गोष्ट जुळते का, हे विचारा. डावाबाहेर असाल तेव्हा समोरच्याचे पत्ते मनात ठरवा आणि शो झाल्यावर ताडून पाहा. पॅक केल्यावर तंबाखू मळत बसणाऱ्याचा हा सराव बुडतो.

थापेबद्दल थोडंच. ६० च्या पॉटमध्ये ३० लावून थाप मारली, तर ती तीनांत एकदा चालली तरी तुमचं नुकसान नाही. पण जो कधीच पॅक करत नाही त्याच्यावर थाप वाया जाते. त्याच्यासमोर फक्त चांगला हात लावा. हातचे आणि मधले मिळून चार बदाम असताना लावलेली बोली चांगली, कारण समोरचा राहिला तरी पाचवा बदाम येऊ शकतो.

वही ठेवा. जिंकलं-हरलं लिहू नका, निर्णय लिहा: पॉट किती, मागितले किती, माझा अंदाज काय, मी काय केलं. एक्के-एक्के घेऊन राजे-राजेसमोर सगळं लावलं तरी पाचांत एकदा हरणं येतंच. कृषी विभाग ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्यावर पेरा म्हणतो. तसं पेरूनही पुढं उघाड पडली तर पेरणाऱ्याचा निर्णय चुकलेला नसतो. हरलेला हात वहीत पुन्हा वाचा. भाव बरोबर होता तर पुढच्या वेळीही तेच करा. जिंकलेले हातही वाचा, त्यांत चुकीचे निर्णय जास्त लपतात.

पैशाबद्दल स्पष्ट सांगतो. पैसे लावून खेळू नका. महाराष्ट्रात जुगारबंदीचा १८८७ चा कायदा आजही लागू आहे, आणि मोबाइलवर पैसे लावून खेळण्यावर केंद्राच्या २०२५ च्या कायद्यानं बंदी आणली, मग खेळ कौशल्याचा असो की नशिबाचा. पोट्टे ख्रिस मनीमेकरचं नाव घेतात. अमेरिकेतला हिशेबनीस, २००३ साली पोकरच्या जागतिक स्पर्धेत २५ लाख डॉलर जिंकला. खरं आहे. त्या स्पर्धेत ८३९ जण उतरले होते, हेही त्यांना सांगा. सोयाबीनच्या पट्टीचे पैसे पत्त्यावर गेलेली घरं आपण सगळ्यांनी पाहिली आहेत.

चिंचोक्यांनी खेळ गंभीर होत नाही असं म्हणतात, त्यावर उपाय आहे. प्रत्येकाला शंभरच मोजून द्या. संपले की पुन्हा द्यायचे नाहीत. चिंचोके संपलेल्यानं त्या दिवशी उरलेल्यांना पत्ते पिसून वाटायचे, कोण कसं लावतो ते पाहायचं, आणि आपल्या वहीत उतरवायचं. पहिली संध्याकाळ सहापेक्षा जास्त माणसं बसवू नका. दर वीस मिनिटांनी सक्तीची बोली (पत्ते पाहण्याआधीच लावावी लागणारी) दुप्पट करा, म्हणजे जेवणाच्या वेळेपर्यंत डाव संपतो.