सेमी-अ‍ॅनालिटिक मॉडेल: आधी मर्जर ट्री तपासा

सेमी-अ‍ॅनालिटिक मॉडेलमध्ये, म्हणजे सिम्युलेशनमधल्या कृष्णद्रव्याच्या हॅलोंमध्ये (गुरुत्वाने बांधलेल्या गोळ्यांमध्ये) सोप्या समीकरणांनी दीर्घिका घडवायच्या, तर वायूची गणितं नंतर. पहिलं काम मर्जर ट्री, म्हणजे कोणते हॅलो कधी एकमेकांत मिसळले याची वंशावळ, तपासण्याचं. तिथली चूक शेवटपर्यंत झिरपते आणि आपण फीडबॅकचे (तारे आणि कृष्णविवरं वायूला देतात त्या ऊर्जेचे) पॅरामीटर फिरवत बसतो.

२००५ चं मिलेनियम सिम्युलेशन घ्या. त्यात सुमारे हजार कोटी कण आहेत, प्रत्येक ८६ कोटी सौर वस्तुमानांचा. पण हा आकडा ‘एच’च्या (हबल स्थिरांक भागिले १००) एककात आहे, या सिम्युलेशनच्या एचने म्हणजे ०.७३ ने भागलं की ११८ कोटी होतात. निरीक्षणांतली दीर्घिकांमधल्या एकूण ताऱ्यांची वस्तुमानं बरेचदा एच-वर्गाने भागलेली असतात, तेव्हा आलेख एकावर एक ठेवण्याआधी एककं जुळवून घ्या.

उपहॅलो (मोठ्या हॅलोच्या आतले लहान हॅलो) २० कणांपासून नोंदले जातात. इतके लहान हॅलो एका स्नॅपशॉटमध्ये (सिम्युलेशनच्या एका क्षणाच्या नोंदीत) दिसतात, पुढच्यात नसतात; म्हणून निष्कर्ष काढताना किमान १०० कणांची अट ठेवावी. मग काही मोठ्या उपहॅलोंच्या मुख्य शाखेचं वस्तुमान काळानुसार काढून बघा. मध्येच खड्डा पडून वस्तुमान पुन्हा वर आलं, तर तो उपहॅलो मोठ्या हॅलोच्या केंद्राजवळून जाताना हॅलो शोधणाऱ्या कोडला दिसेनासा झालेला असतो. अशा वेळी एक स्नॅपशॉट ओलांडून दुवा जोडा, नाहीतर तीच दीर्घिका नव्याने जन्मल्याची नोंद होईल.

उपहॅलो कायमचा हरवला तरी त्यातली दीर्घिका पुसू नका. गतिक घर्षणाचा (आजूबाजूच्या द्रव्याच्या ओढीने वेग कमी होत ती केंद्राकडे सरकण्याचा) काळ मोजा, तो संपल्यावरच तिचं विलीनीकरण करा. ही पायरी गाळली की दीर्घिका-समूहांच्या गाभ्यातल्या उपदीर्घिका कमी भरतात.

आता वायू: प्लँक उपग्रहाच्या मोजमापांनुसार एकूण द्रव्याच्या सुमारे १६ टक्के. लहान हॅलोंमधून सुपरनोव्हा तो बाहेर फेकतात. मोठ्यांत कृष्णविवराची ऊर्जा त्याला थंड होऊ देत नाही. एक लाख कोटी सौर वस्तुमानांच्या आसपासच्या हॅलोंमध्ये तारे बनण्याची कार्यक्षमता सर्वाधिक असते, तरी वाट्याच्या वायूपैकी साधारण पाचवा भागच ताऱ्यांत जातो. तुमच्या मॉडेलमध्ये अतितेजस्वी दीर्घिका फार झाल्या, तर कृष्णविवराचा फीडबॅक कमी पडतोय.

पॅरामीटर दीर्घिकांच्या आजच्या वस्तुमान-वितरणावर बसवले, तर पडताळणी रेडशिफ्ट २ वर (सुमारे हजार कोटी वर्षांपूर्वीच्या काळावर) करा. तिथे छोट्या दीर्घिका हमखास जास्त निघतात, कारण त्या फार लवकर तयार झालेल्या असतात. फेकलेला वायू परतण्याचा काळ हॅलोच्या वस्तुमानाच्या व्यस्त प्रमाणात ठेवला की हा दोष बराच कमी होतो.