साउथ एशियन गेम्सचा इतिहास पोट्ट्यांना मैदानावर कसा शिकवावा

साउथ एशियन गेम्स, म्हणजे दक्षिण आशियातल्या देशांचे खेळ, कोणत्या वर्षी कोणत्या शहरात झाले ही यादी मी आधी फळ्यावर लिहून दिली होती, पोट्ट्यांनी पाठ केली अन् आठवड्यात विसरले, मग मैदानावर शिकवलं तेव्हा पक्कं बसलं, म्हणून सांगून राहिलो.

सकाळी ऊन तापायच्या आधी फक्कीनं एक सरळ लाइन मारा. एक वर्ष म्हणजे एक पाऊल, १९८४ ते २०१९ म्हणजे ३५ पावलं, पण पाऊल पोट्ट्याचं धरा आपलं नाही, मग खो-खोच्या मैदानाच्या लांबीत बसते. आता तेरा पोरं घ्या, प्रत्येकाच्या हातात पाटीवर वर्ष अन् शहर, ज्याचं त्याचं पाऊल मोजून उभं करा: १९८४ काठमांडू, ८५ ढाका, ८७ कोलकाता, ८९ इस्लामाबाद, ९१ कोलंबो, ९३ ढाका, ९५ चेन्नई, ९९ काठमांडू, २००४ इस्लामाबाद, २००६ कोलंबो, २०१० ढाका, २०१६ गुवाहाटी-शिलाँग, २०१९ पुन्हा नेपाळ.

पहिल्या पोराजवळ थोडं थांबा. तेव्हा सात देश अन् फक्त पाच खेळ, त्यात फुटबॉलचं गोल्ड नेपाळनं नेलं. पुढच्याच वर्षी ढाक्याला कबड्डी आली, हे सांगितलं की पोट्टे कान टवकारतात. अन् १०० मीटरमधे तिथं बांगलादेशचा शाह आलम पहिला आला, ८७ ला कोलकात्यात येऊन पुन्हा तोच जिंकला. मेडल टेबलात दरवेळी भारतच वर असते, पण नेपाळ-बांगलादेशचे हे गोल्ड नक्की सांगा, नाहीतर पोरांना वाटते बाकीचे नुसते हजेरी लावायला येतात.

खरी मजा रिकाम्या पावलात आहे. विचारा, इथं काहून कोणी उभं नाही? ८६ ला सोलला एशियन गेम्स, ८८ ला सोललाच ऑलिम्पिक. ९९ नंतरची मोठी खिंड तर स्वतः चालून दाखवा: २००१ ला इस्लामाबादला व्हायचे होते, तेवढ्यात अफगाणिस्तानात युद्ध पेटलं अन् गेम्स २००४ वर गेले. त्याच वर्षी अफगाणिस्तान आठवा देश म्हणून आला, तो धागा पोरांनाच जोडू द्या, आपण बोलू नका.

२०१६ च्या पाटीजवळ आपल्या खो-खोच्या पोरीला उभी करा. त्या वर्षी खो-खोला मेडल होतं, पोरं-पोरी दोन्ही गोल्ड भारताचे. आमच्याकडं ती पोरगी सुट्टी झाली तरी पाटी खाली ठेवत नव्हती.