दुमजली घर, एकच डक्ट एसी: वरचा मजला खालच्याइतका गार कसा करावा

आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आठवड्यात भुसावळला एका घरी गेलो होतो. लेकी माहेरी आलेल्या, नातवंडांनी घर भरलेलं. खाली हॉलमध्ये 24 अंश आणि रात्री साडेनऊला वरच्या बेडरूममध्ये 31. सगळ्यांनी गाद्या खाली आणून टाकल्या होत्या. काकांचं म्हणणं एकच, "साडेपाच टनाचं मशीन काढा, साडेआठचं बसवा." मी वरच्या खोलीतलं फॉल्स सीलिंगचं झाकण सरकवलं आणि स्लॅबला तळहात लावला. सूर्य मावळून अडीच तास झाले होते, तरी स्लॅब ताप भरलेल्या कपाळासारखा लागत होता. काकांनाही स्टुलावर चढवून हात लावायला दिला. मशीनचा विषय तिथेच थांबला.

डक्ट एसीचं, म्हणजे एकाच मशीनची गार हवा बंद नळ्यांतून खोल्याखोल्यांत नेणाऱ्या एसीचं, काम करताना ही तक्रार मी जळगाव, धुळ्यापासून शहाद्यापर्यंत ऐकतो: खाली शाल लागते, वर पंखाही गरम वारा देतो. मशीन मोठं केल्याने हे सुटत नाही. तापमान बघून मशीन चालू-बंद करणारा थर्मोस्टॅट बहुतेक घरांत खालच्या हॉलमध्ये असतो. मोठं मशीन खालचा मजला आणखी लवकर गार करतं आणि लवकर थांबतं. वरच्या मजल्याच्या वाट्याला उलट कमी वेळ गार हवा येते. म्हणून खर्चाआधी पुढच्या क्रमाने जा.

आधी मोजा

साधे दोन थर्मामीटर आणा, एक वर, एक खाली. दुपारी तीन, रात्री नऊ आणि पहाटे सहा असे तीन दिवस आकडे लिहून ठेवा. दुपारपेक्षा रात्री फरक वाढत असेल तर दोष गच्चीच्या स्लॅबचा. दिवसभर सारखाच राहत असेल तर हवेच्या वाटपाचा.

मग मशीन पंधरा मिनिटं चालू द्या. गार हवा सोडणाऱ्या ग्रिलजवळ आणि हवा परत ओढणाऱ्या रिटर्न ग्रिलजवळ तापमान घ्या. दोन्हींत साधारण 8 ते 12 अंशांचा फरक पाहिजे. त्याहून कमी असेल तर गॅस, कॉइल (हवा गार करणारी नळ्यांची जाळी), कॉम्प्रेसर तपासून घ्या. बराच जास्त असेल तर हवा कमी वाहते आहे, आणि पहिला संशय फिल्टरवर घ्या. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये धूळ इतकी उडते की फिल्टर दर पंधरा दिवसांनी धुवावाच लागतो.

गच्चीचा बंदोबस्त

खरी लढाई इथेच आहे. जुन्या धाब्याच्या घरांवर मातीचा जाड थर असायचा, ऊन आत पोचेपर्यंत संध्याकाळ होऊन जायची. आजचा पाच-सहा इंची आरसीसी स्लॅब 44-45 अंशांच्या उन्हात दिवसभर उष्णता पितो आणि झोपायच्या वेळी ती खाली सोडतो. एसी मग स्लॅबशी झुंजत बसतो.

सर्वांत स्वस्त उपाय चुना. होळीच्या आधी गच्ची झाडून, धुऊन, भेगा भरून घ्या. चुना रात्रभर भिजवा, गाळा, त्यात चिकटपणासाठी थोडा डिंक घाला आणि सकाळच्या उन्हाआधी दोन हात मारा. पावसाळ्यात तो धुपतो, म्हणून दरवर्षी करावा लागतो. थोडा जास्त खर्च चालत असेल तर उष्णता परतवणारा पांढरा रंग किंवा पांढऱ्या चिनी मातीच्या तुकड्यांची फरशी काही वर्षं टिकते. हिरवी नेट बांधायची तर माणूस खालून चालू शकेल इतकी उंच बांधा. स्लॅबला टेकलेली नेट फारसा उपयोग करत नाही, मधून वारा वाहिला पाहिजे.

पश्चिमेच्या खिडक्यांना ऊन बाहेरच अडवा. आतला पडदा ऊन उशिरा अडवतो, काचेतून उष्णता आधीच घरात आलेली असते. बाहेरून बांबूची चिक किंवा छज्जा हवा.

आणि एक कळकळीची विनंती: एसी चालू असताना वर कूलर लावू नका. कूलर हवेत ओल भरतो, एसी तीच ओल काढण्यात आपली ताकद घालवतो. जिना उघडा असेल तर वरच्या कूलरची दमट हवा खालीही उतरते.

जिना आणि दारं

गार हवा जड असते. वर सोडलेली गार हवा जिन्यावरून पाण्यासारखी खाली उतरते आणि खालची गरम हवा वर चढते. जिन्याला दार असेल तर ते लावा, नसेल तर जाड पडदा टांगा. गच्चीवर उघडणाऱ्या दाराच्या फटींना रबराची पट्टी लावा. तिथून येणारी झळ थेट वरच्या पॅसेजमध्ये पसरते.

रिटर्नची वाट

डक्टचं काम करताना सर्वांत जास्त दुर्लक्ष याच गोष्टीकडे होतं. खोलीत जेवढी हवा सोडली, तेवढी परत मशीनकडे गेली पाहिजे. बरेचदा रिटर्न ग्रिल एकच, तीही खालच्या हॉलमध्ये. वरच्या बेडरूमचं दार लावलं की हवा कोंडते, दाब वाढतो आणि नवी गार हवा आत शिरत नाही.

तपासायला टिश्यू पेपरची पट्टी पुरे. दार लावून दाराखालच्या फटीजवळ धरा. ती जोरात बाहेर उडत असेल आणि दार उघडताच ग्रिलमधून हवा वाढल्याचं हाताला जाणवत असेल, तर परतीची वाट अरुंद आहे. सुताराकडून दार खालून इंचभर कापून घ्या किंवा दाराच्या वर आरपार जाळी बसवा. वरच्या मजल्याला छताजवळ स्वतंत्र रिटर्न देता आला तर उत्तमच, कारण सर्वांत गरम हवा तिथेच साचते.

आता डँपर

डक्टच्या फाट्यांवर सहसा डँपरची, म्हणजे हवा कमी-जास्त करणाऱ्या झडपेची, दांडी असते. दांडी डक्टच्या दिशेने असेल तर डँपर पूर्ण उघडा, आडवी असेल तर बंद. आजची जागा मार्करने आखून ठेवा. वरचे सगळे डँपर पूर्ण उघडा. खालचे थोडे थोडे कमी करा, एका वेळी पाव भागापेक्षा जास्त नको, आणि प्रत्येक बदलानंतर एक पूर्ण दिवस थांबून आकडे घ्या. खालच्या ग्रिल पूर्ण बंद करायचा मोह आवरा. एका टनामागे मिनिटाला सुमारे 400 घनफूट हवा कॉइलवरून गेली पाहिजे. ती घटली की कॉइल बर्फ धरते, आणि मग दोन्ही मजले गरम होतात.

वरच्या फाट्याला हवा कमीच येत असेल तर डक्ट तपासा. लवचिक पाइप फॉल्स सीलिंगच्या फ्रेमखाली चेपलेला मी अनेकदा काढला आहे. सांधे ॲल्युमिनियम टेपने बंद करा, खोकी चिकटवायची तपकिरी टेप उन्हाळाभरही टिकत नाही. गच्चीवरून जाणाऱ्या डक्टवरचं इन्सुलेशन फाटलं असेल तर आधी ते बदला.

पंखा आणि थर्मोस्टॅट

आपल्या कोरड्या मे महिन्यात मशीनचा पंखा 'ऑन'वर ठेवलात तर कॉम्प्रेसर थांबल्यावरही दोन्ही मजल्यांची हवा मिसळत राहते. पावसाळा लागला की 'ऑटो'वर आणा, नाहीतर कॉइलवरचं पाणी पुन्हा हवेत जातं आणि घर चिकट वाटतं. थर्मोस्टॅट 24-25 वर ठेवा. तो 18 वर नेल्याने वरचा मजला लवकर गार होत नाही, खालचा गारठतो.

हे सगळं करूनही फरक 2-3 अंशांपेक्षा जास्त राहिला तर झोनिंगचा विचार करा: मोटरवर चालणारे डँपर आणि प्रत्येक मजल्याला वेगळा थर्मोस्टॅट. मात्र कॉम्प्रेसर आणि ब्लोअर वेग कमी-जास्त करणारे असतील तरच हे नीट चालतं. जुन्या एकाच वेगाच्या मशीनवर त्यापेक्षा वरच्या मजल्याला छोटा वेगळा एसी परवडतो.

घर अजून बांधायचं असेल तर इंजिनिअरला आत्ताच सांगा: वर आणि खाली दोन स्वतंत्र मशीन, आणि दोन्ही मजल्यांतून जाणारा किमान दोन फुटी डक्टचा शाफ्ट नकाशात हवा. स्लॅब पडल्यावर तो फोडून काढणं फार महागात जातं.