खरकट्यावरचा गॅस मंदावला? टाकीची शिदोरी तपासा

घरची बायोगॅसची टाकी शेणाने सुरू केली, मग रोजचा भात, शिळ्या पोळ्या, भाजीचे देठ. ज्योत झकास निळी. तीन-चार महिन्यांनी मात्र गॅस साठवणारा ड्रम वर येईना, बर्नर पेटला तरी ज्योत उडून विझायची आणि स्लरीला, म्हणजे टाकीतल्या पातळ रबडीला, आंबूस वास. माझ्या परसातल्या टाकीचं असंच झालं होतं. मी खरकटं वाढवलं आणि उरलासुरला गॅसही गेला.

म्हणून पहिलं काम, टाकीचा घास, म्हणजे खरकटं, थांबवा. साबणाचं पाणी लावून पाइपचे सांधे बघा. बुडबुडे आले तर गॅस गळतोय, दोष टाकीतल्या जिवाणूंचा नाही. मग पीएचची (आम्लता दाखवणारी) पट्टी स्लरीत बुडवा. ६.८ ते ७.५ च्या आसपास असेल तर ठीक. ६.५ च्या खाली गेला असेल तर आम्ल साचलंय. खाण्याचा सोडा घातला की आकडा वर येतो, पण आठ दिवसांनी पुन्हा घसरत असेल तर दुखणं आणखी खोल आहे.

टाकीत जिवाणूंची एक टोळी अन्नाचं आम्ल करते, दुसरी त्या आम्लापासून पुढे मिथेन, म्हणजे जळणारा वायू. ही दुसरी टोळी नाजूक, आणि तिला धातू लागतात. मिथेन तयार होण्याच्या शेवटच्या पायरीवरच्या विकरात (एन्झाइममध्ये) निकेल बसलेलं असतं. ते धरून ठेवणारा एफ-४३० हा रेणू पिवळा असतो. ४३० नॅनोमीटरचा प्रकाश शोषतो म्हणून हे नाव. कोबाल्ट लागतं ते बी-१२ च्या जातकुळीतल्या रेणूंसाठी. लोह तर जागोजागी लागतं, शिवाय थोडं मॉलिब्डेनम किंवा टंगस्टन, थोडं सेलेनियम. गरज चिमटीहूनही कमी. पण तेवढंही नसेल तर आम्ल पडून राहतं. सुरुवातीच्या शेणासोबत ही शिदोरी आलेली असते. भात-पोळीत ती फार कमी. रोज थोडी स्लरी बाहेर जाते, तिच्यासोबत धातूही जातात.

उपाय गोठ्यातच आहे. ताजं शेण पाण्यात समप्रमाणात कालवून, काडीकचरा काढून घाला. माझ्या एक घनमीटरच्या टाकीला सुरुवातीला आठवडाभर रोज एक बादली दिली, खरकटं बंद. आता आठवड्यातून एक बादली कायम. शेणासोबत ताजे जिवाणूही येतात, हा फायदा बाजारच्या कुठल्याच पुडीत नाही. मात्र नुकतंच अँटिबायोटिक दिलेल्या जनावराचं शेण घेऊ नका.

खरकटं कालवायला दर वेळी नळाचं पाणी नको. बाहेर पडलेल्या स्लरीचं वरचं पाणी अर्धं तरी वापरा, म्हणजे विरघळलेले धातू टाकीतच फिरतात. सगळंच तेच वापरलं तर अमोनिया आणि मीठ साचतं.

कृषी केंद्रातली सूक्ष्म अन्नद्रव्यांची पुडी घालायचा मोह होतो. फवारणीच्या ग्रेड-२ मध्ये जस्त, लोह, मँगनीज, तांबं, बोरॉन, मॉलिब्डेनम असतं, निकेल-कोबाल्ट नाहीच. उलट तांबं-जस्त जास्त झालं तर हेच जिवाणू मरतात. मोरचुदाचं (तांब्याच्या क्षाराचं) पाणी टाकीत जाऊ देऊ नका, तेही याच कारणाने. निकेलचे क्षार तर घरी आणूच नका. ते विषारी आहेत, आणि शेवटी ती स्लरी आपल्याच वाफ्यात जाते. मोठ्या प्रकल्पांत प्रयोगशाळेतून तपासून मिलिग्रॅमच्या हिशेबाने देतात, ती गोष्ट वेगळी.

सडक्या अंड्याचा वास येत असेल तर टाकीत सल्फाइड (गंधकाचं संयुग) जास्त आहे. ते निकेल-कोबाल्टला धरून काळ्या गाळात बसवतं, म्हणजे धातू असूनही उपाशीच. अशा वेळी कोबी, मुळा, अंडी, मांसाचं खरकटं कमी करा. पाइपमध्ये लोखंडी काथ्या (बारीक तारांचा गुंता) भरला तर शेगडीपर्यंत येणारा वास घटतो, टाकीचं दुखणं तसंच राहतं. वापरलेला काथ्या काढताना आधी ओला करा. हवा लागली की तो तापतो, कधी पेटही घेतो.

आता धीर. मिथेनवाले सावकाश वाढतात. पीएच आठवडाभर ७ च्या आसपास टिकला की नेहमीच्या निम्मं खरकटं सुरू करा, दर चार दिवसांनी थोडं वाढवा. माझ्याकडे ज्योत पुन्हा स्थिर व्हायला तीन आठवडे लागले.