सिरॅमिक इंजेक्शन मोल्डिंगमध्ये येताय? आधी कच्चा पार्ट बघायला शिका

मेकॅनिकलचा डिप्लोमा करून भोसरीतल्या एका छोट्या युनिटला लागलो तेव्हा वाटलेलं, प्लास्टिक मोल्डिंग येतंय म्हणजे सिरॅमिकची पावडर साच्यात मारून पार्ट बनवायचं हे कामही जमेल, कारण मशीन बघायला तसंच, हॉपर, बॅरल, स्क्रू, साचा सगळं ओळखीचं. पण प्लास्टिकचा पार्ट पडला की थेट पॅकिंगला जातो, आपला पार्ट त्यानंतर कित्येक दिवस भट्ट्यांमध्येच असतो.

आम्ही अ‍ॅल्युमिना नावाच्या सिरॅमिकचे थ्रेड गाइड बनवतो, टेक्स्टाइल मशीनवर धागा ज्या छोट्या सिरॅमिकच्या भोकातून पळतो ना, ते. धागा दिसायला मऊ, पण सतत घासून घासून तो स्टीललाही खाच पाडतो, म्हणून सिरॅमिक. ऑप्टिकल फायबर कनेक्टरमधली झिरकोनियाची (हेही एक सिरॅमिक) फेरूल, म्हणजे फायबर धरणारी बारीक नळी, तीपण याच पद्धतीने बनते, २.५ मिमी किंवा १.२५ मिमी जाडीची, आणि मधे १२५ मायक्रॉनचा फायबर जाईल एवढंच भोक.

आता प्रोसेस. मायक्रॉनच्या आसपासची किंवा त्याहून बारीक सिरॅमिकची पावडर घ्यायची, त्यात पॅराफिन वॅक्स, पॉलिप्रॉपिलीन आणि थोडं स्टिअरिक अ‍ॅसिड घालून गरम करून मळायचं, याला फीडस्टॉक म्हणतात, त्यात आकारमानाने साधारण ५५ ते ६० टक्के पावडर असते. ते साच्यात मारलं की मिळतो ग्रीन पार्ट, म्हणजे कच्चा, हाताने सहज तुटतो. मग डिबाइंडिंग, म्हणजे आतला बाइंडर, ते वॅक्स-पॉलिप्रॉपिलीन, हळूहळू तापवून काढायचा, आणि शेवटी १६०० अंशांच्या आसपास सिंटरिंग, म्हणजे पक्कं भाजणं.

सिंटरिंगला पार्ट आकसतो, अ‍ॅल्युमिनात लांबी, रुंदी, उंची प्रत्येक माप साधारण १७ टक्के. इथे नवीन मुलं हमखास चुकतात. १० मिमीचा पार्ट हवा तर १७ टक्के वाढवून साचा ११.७० करतात, पण आकसणं साच्याच्या मापावर धरायचं असतं, ११.७० चे भट्टीतून ९.७१ होऊन येतात. १० ला ०.८३ ने भागा, १२.०५ येतं, ते बरोबर. एकदा भाजलेला पार्ट डायमंड व्हीलशिवाय कशानेच घासला जात नाही आणि ते महागात जातं, त्यात कमी पडलेलं माप तर कुठल्याच व्हीलने वाढत नाही.

माझ्या दुसऱ्या वर्षी एका गाइडला चिरा यायला लागल्या, रोज ट्रेच्या ट्रे रिजेक्ट. सगळ्यांनी भट्टीवाल्याला धरलं, मीपण. आम्ही डिबाइंडिंगचा वेग कमी केला, मग आणखी कमी केला, तासाला ५ अंशांवर आणला तरी चिरा तशाच. शेवटी मी एक कच्चा पार्ट भिंगाखाली तिरका धरून ट्यूबलाइटच्या उजेडात फिरवला तर गेटच्या (माल साच्यात शिरतो ती जागा) बरोब्बर समोर, कोअर पिनच्या (भोक पाडणारी साच्यातली पिन) मागे, केसाएवढी रेघ. चिमटीत दाबला, तिथेच तुटला. दहा दाबले, दहाच्या दहा तिथेच. माल पिनला वळसा घालून दोन्हीकडून येत होता आणि भेटेपर्यंत गार होत होता, म्हणजे वेल्ड लाइन. साच्याचं टेम्परेचर आणि इंजेक्शनचा स्पीड वाढवला तेव्हा थांबलं. भट्टीवाल्याची मी माफी मागितली, तीन आठवडे तो माणूस विनाकारण ऐकून घेत होता.

तेव्हापासून मी प्रत्येक शिफ्टला पहिले पाच पार्ट काट्यावर ठेवतो आणि दोन तोडून बघतो. वजन हललं की समजायचं माल कमी भरतोय किंवा फीडस्टॉक नीट मळलेला नाही, आणि हे मशीनपाशीच कळलं तर तुकडे पुन्हा दळून वापरता येतात, भाजल्यावर ते भंगारच. तुटलेल्या जागेवर बुडबुडा दिसतोय का तेही बघा, छोटासा असला तरी ती लॉट पुढे पाठवू नका, कुणी कितीही घाई करू दे.

शिक्षणाचं विचाराल तर सिरॅमिक इंजिनिअरिंगची डिग्री वाराणसीच्या आयआयटी बीएचयूला आणि राउरकेलाच्या एनआयटीला आहे. आपल्याकडे डिप्लोमावाल्यांना छत्रपती संभाजीनगरचं सिपेट (प्लास्टिकचं शिक्षण देणारी सरकारी संस्था) किंवा इंडो-जर्मन टूल रूम बरं पडतं, साच्याचं ज्ञान तिथे पक्कं होतं आणि पावडरचं कामावर शिकता येतं.

इंटरव्ह्यूला गेलात की एक विचारा, फीडस्टॉक स्वतः बनवता की तयार घेता? स्वतः बनवत असतील तर पगार थोडा कमी असला तरी जा, आणि पहिले काही महिने मिक्सिंगला टाका म्हणून सांगा. मास्क मात्र स्वतःचा चांगला घ्या, पावडर फार बारीक असते.