हिमवादळात कुत्र्याला फिरवताना पंजे कसे सांभाळावेत

हिमवादळ कितीही जोराचे असले तरी कुत्र्याला दिवसातून तीन-चार वेळा बाहेर न्यावेच लागते. त्या दिवशी फेरफटक्याची अपेक्षा ठेवू नये. शू-शी उरकून दहा मिनिटांच्या आत घरी परतणे एवढेच काम असते. टॉर्च, जादा खाणे, औषधे या तयारीबद्दल मी लिहीत नाही, कारण ती कुत्रा नसलेल्या घरातही करावी लागते.

सर्वप्रथम फावडे घेऊन एकट्याने बाहेर जावे आणि दाराजवळ चार-पाच पावलांची जागा, शक्य असल्यास जमीन दिसेपर्यंत, मोकळी करावी. पोटाला बर्फ टेकत असेल तर कुत्रा बसायला तयार होत नाही; शिवाय ताज्या बर्फाखाली नेहमीचे वास गाडले गेल्यामुळे आपली जागा कुठली, हेच त्याला उमगत नाही. अशा वेळी दारात उभे राहून त्याच्यावर ओरडणारे लोक मी पाहिले आहेत. त्यांच्या हातात फावडे द्यावेसे वाटते.

लीश काढू नये. वास झाकलेले आणि आवाज दबलेले असताना ओळखीच्या गल्लीतही कुत्रा वाट चुकतो.

आता पंजांकडे वळतो, कारण खरी अडचण तिथेच आहे आणि सर्वांत वाईट सल्लेही तिथलेच मिळतात. पंजाच्या गाद्यांमधल्या केसांत बर्फ अडकतो, अंगाच्या उबेने थोडा वितळतो आणि पुन्हा गोठतो. त्यावर पुढचा थर चढतो, आणि काही मिनिटांत बोटांच्या बेचक्यात लिंबाच्या बीएवढा, मग सुपारीएवढा टणक गोळा तयार होतो. हे कडाक्याच्या थंडीत सर्वाधिक घडते, असा समज आहे आणि तो चुकीचा आहे. फार थंडीतला बर्फ कोरडा, भुकटीसारखा असतो आणि फारसा चिकटत नाही. तापमान शून्य अंशाच्या आसपास असते तेव्हाचा ओलसर बर्फ मात्र हमखास गोळे धरतो. त्यामुळे ‘आज थंडी बरी आहे, लांब जाऊन येऊ’ असे वाटते, नेमक्या त्याच दिवशी कुत्रा अर्ध्या वाटेत तीन पायांवर उभा राहतो.

माझी केसाळ कुत्री पहिल्या हिवाळ्यात अशीच थांबली, तेव्हा मी घाईघाईने गोळा ओढून काढला. गोळ्याबरोबर केसांचा झुबका आला, खालची त्वचा लाल झाली, आणि पुढचा महिनाभर तिने मला पंजाला हात लावू दिला नाही. गोळा ओढू नये, नखाने उकरू नये, आणि कात्रीने तर मुळीच कापू नये, कारण बर्फ कुठे संपतो आणि बोटांमधली नाजूक त्वचा कुठे सुरू होते, ते दिसत नाही. वाटेत असताना हातमोजा काढून गोळा उघड्या तळहाताच्या उबेत धरावा आणि सैल झाल्यावर बोटांनी हलकेच दाबून फोडावा. आपला हात बधिर होतो, पण त्याला इलाज नाही.

त्यापेक्षा गोळा होऊच न देणे सोपे आहे. वादळाच्या आदल्या दिवशी बोथट टोकाच्या कात्रीने गाद्यांच्या बाहेर डोकावणारे केस गाद्यांच्या पातळीला कापावेत; आत खोल शिरू नये. बाहेर पडण्याच्या अगदी आधी पेट्रोलियम जेलीचा किंवा पंजांसाठी मिळणाऱ्या मेणाचा पातळ थर बोटांच्या मध्येही लावावा. अर्धा तास आधी लावल्यास तो बर्फाऐवजी गालिच्यावर उतरतो. बूट उत्तमच, पण ते घालून घरात चालण्याची सवय आधी झालेली असेल तरच. भर वादळात पहिल्यांदा चढवलेले बूट पहिल्याच वळणावर बर्फात हरवतात, आणि हरवू नयेत म्हणून पट्टी आवळली तर पंजाचा रक्तपुरवठा अडतो.

घरी आल्यावर पसरट भांड्यात कोमट पाणी घेऊन एकेक पंजा मिनिटभर बुडवावा. पाणी मनगटाच्या आतल्या बाजूला ना गार ना गरम लागावे. मग बोटे एकेक करून फाकवून टॉवेलने बेचक्यांपर्यंत कोरडे करावे, कारण ओल राहिली की त्वचा चिघळते. आखूड केसांच्या कुत्र्याचे पंजेही धुवावेत, कारण इथे प्रश्न मिठाचा असतो. रस्त्यावर बर्फ वितळावा म्हणून टाकलेले साधे मीठ उणे दहा अंशांच्या खाली फारसे काम करत नाही, म्हणून कडक थंडीत कॅल्शियम क्लोराइड वापरतात. ते पाण्यात विरघळताना उष्णता सोडते आणि भेगाळलेल्या गाद्यांना झोंबते. कुत्रा ते चाटतो आणि मग उलट्या करतो. मिठाच्या पिशवीवर ‘प्राण्यांसाठी सुरक्षित’ असे छापलेले असले तरी मी पंजे धुतोच.

गाड्यांखालचे रंगीत डबके त्याला चाटू देऊ नये. गाडीतून गळणाऱ्या गोठणरोधक द्रवातले (अँटिफ्रीझ) इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड असते आणि थोडेसे पोटात गेले तरी मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. चाटल्याचा संशय आला तरी लक्षणांची वाट न पाहता तत्काळ पशुवैद्यांना गाठावे.

बाहेर किती वेळ थांबावे, याचे तापमानानुसार केलेले तक्ते मला निरुपयोगी वाटतात, कारण त्यांत वारा, वय आणि अंगावरचे केस हिशेबात घेतलेले नसतात. कुत्रा थरथरू लागला, आळीपाळीने पंजे उचलू लागला किंवा घराकडे ओढू लागला की परतावे. स्वेटर ओला झाला असेल तर तो लगेच उतरवावा. कानाचे किंवा शेपटीचे टोक फिकट आणि कडक लागले तर चोळू नये, हीटरजवळही नेऊ नये. कोमट, ओल्या कापडाने हळूहळू ऊब द्यावी आणि पशुवैद्यांना फोन करावा.

उरलेल्या दिवसात कुत्र्याला कंटाळा येतो. जेवणातले दाणे गुंडाळलेल्या टॉवेलांत आणि खोक्यांत लपवून त्याला हुंगून शोधायला लावले की तो पंधरा मिनिटांत थकतो.

रात्रीच्या शेवटच्या फेरीपर्यंत सकाळी मोकळी केलेली जागा पुन्हा बुजलेली असते. फावडे दाराच्या आत ठेवावे. बाहेर ठेवलेले शोधायला दुसरे फावडे लागते.